खानदेशांतील भिल्लांविषयींचे ग्रंथ व त्यांतील आरोग्याच्या नोंदी

खानदेशच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे संशोधकांच्या डोळ्यांपुढें फारुकी सुलतान, थाळनेर व अशीरगड येथील वेढे, पेशवे-होळकरांचीं दप्तरें आणि देशमुख-देशपांड्यांच्या घरचे महजर व सनदा हीं प्रथम उभीं राहतात. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच देह ठेविला. त्यांच्या नांवानें स्थापन झालेल्या मंडळांत, आणि कै. शंकरराव देवांच्या खटपटीनें उभ्या राहिलेल्या समर्थ-वाग्देवता-मंदिरांत मिळून हस्तलिखितांचा जो सांठा धुळ्यांत आहे, त्याचा हेवा मोठमोठ्या शहरांनीं करावा. परंतु ज्या समाजानें सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या रांगांत शतकानुशतकें वस्ती केली, तो भिल्ल समाज या कागदांत स्वतःच्या तोंडानें क्वचितच बोलतो. तो दिसतो तो जागल्या म्हणून, हकदार म्हणून, नाहीं तर पुंडावा करणारा म्हणून. आणि दिसतो तो दुसऱ्याच्या लेखणींतून.

त्याच्याविषयीं लिहिलेले ग्रंथ मात्र थोडेथोडके नाहींत. त्यांतील राजकीय भाग अनेकांनीं चाळला आहे. त्याच ग्रंथांत हवापाणी, ताप, दुष्काळ, देवी, मृत्युसंख्या यांविषयीं जो मजकूर विखुरलेला आहे, त्याकडे संशोधकांनीं सहसा पाहिलें नाहीं. आणि ज्या वैद्यकशास्त्रज्ञांनीं अलीकडे या जमातींच्या आरोग्याचा अभ्यास केला, त्यांनीं जुन्या ग्रंथांस सहसा हात लावला नाहीं. हे दोन प्रवाह एकत्र आणले असतां खानदेशच्या इतिहासांतील एका मोठ्या घडामोडीचें कारण निराळें दिसूं लागतें, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. अमरकोशांत वन्य जातींच्या उल्लेखांत किरात, शबर, पुलिंद हीं नांवें येतात. भिल्ल हें येत नाहीं. महाभारतांतील एकलव्य हा निषाद आहे. कथासरित्सागरांत, म्हणजे इ. स. च्या अकराव्या शतकांत, भिल्ल हा शब्द सरसहा आढळतो. धनुष्यवाचक द्राविडी शब्दापासून तो निघाला, ही व्युत्पत्ति इंग्रजी ग्रंथकारांनीं एकमेकांपासून उचलीत आजतागायत चालविली आहे. ती बरोबर असण्याचा संभव आहे. पण संभवाला प्रमाणाची जागा मिळाली कीं शोध थांबतो, म्हणून येथें तिचा निर्देश करून पुढें जाऊं.

इंग्रजी ग्रंथांत पहिला मान सर जॉन माल्कमचा. त्याचें मध्यहिंदुस्थानावरील पुस्तक १८२३ सालीं व भिल्लांवरील स्वतंत्र निबंध १८२७ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या व्यवहारग्रंथांत प्रसिद्ध झाला. त्यानंतर कॅप्टन ग्रॅहम यानें खानदेश प्रांतांतील भिल्ल जातींचा ऐतिहासिक वृत्तांत १८४३ मध्यें लिहिला. तो १८५६ मध्यें मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांत पुनः छापला गेला. १८८० सालीं दोन महत्त्वाचीं पुस्तकें निघालीं: गोल्डस्मिडकृत जेम्स औट्रामचें द्विखंडात्मक चरित्र आणि कॅम्पबेलच्या देखरेखीखालीं तयार झालेला खानदेशचा गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालेंतील बारावा खंड. १९०७ मध्यें ग्रीअर्सनच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग निघून त्यांत भिल्ली बोली व खानदेशी यांचे नमुने आले. १९१२ त सिम्कॉक्स या मुलकी अधिकाऱ्यानें खानदेश भिल्ल पलटणीची हकीकत मूळ दप्तरांवरून जुळविली. एन्थोवेनचे जातिविषयक तीन खंड १९२० ते १९२२ मधले. पुढें टी. बी. नाईक यांचा भिल्लांवरील ग्रंथ १९५६ त, अरविंद देशपांडे यांचा ब्रिग्जच्या कारभारावरील ग्रंथ १९८७ त, आणि सुमित गुहा यांचा पर्यावरण व वांशिकता या विषयावरील ग्रंथ १९९९ त बाहेर पडला. गुहांनींच २००१ मध्यें दक्षिण आशियांतील आरोग्य व लोकसंख्या यांवर दुसरा ग्रंथ लिहिला; म्हणजे वर सांगितलेले दोन प्रवाह निदान एका लेखकाच्या मेजावर तरी एकत्र आले.

या सर्वांत वाचण्यास गोड माल्कम, विश्वासास पात्र सिम्कॉक्स, आणि पदोपदीं सांवधपणें वाचावा असा ग्रॅहम. गॅझेटियर हा तर सागर आहे. त्यांत मोतीं आहेत आणि शिंपलेही आहेत. उदाहरणार्थ, कोपरगांवच्या प्रसंगाची हकीकत घ्या. इ. स. १८०३-०४ च्या सुमारास पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानें मनोहरगीर गोसाव्याच्या सल्ल्यानें भिल्लांस बोलणें करण्याच्या निमित्तानें बोलावून आणिलें व दगा देऊन त्यांची कत्तल केली, असें जिल्हा-गॅझेटियरांत आहे. आंकडा सात हजारांचा दिला असून प्रेतें दोन विहिरींत टाकल्याचें म्हटलें आहे. दोन विहिरींत सात हजार माणसें मावतात काय, हें कोणत्याही गवंड्यास विचारावें. कत्तल खोटी नव्हे, पण हा आंकडा मोजलेला नसून सांगीवांगीचा आहे. एकीकडे मेलेल्यांची संख्या अशी ढोबळपणें फुगवावयाची आणि दुसरीकडे तापानें वर्षानुवर्षें मेलेल्यांची संख्याच द्यावयाची नाहीं, ही या वाङ्मयाची खोड आहे. रक्तपात डोळ्यांत भरतो, ताप भरत नाहीं.

आतां त्या काळाकडे वळूं. १८०२ पासून होळकरांच्या फौजा व मागोमाग पेंढारी यांनीं खानदेश नासला. १८०३-०४ च्या दुष्काळानें उरलासुरला प्रांत ओस पडला. १८१८ मध्यें प्रांत इंग्रजांकडे गेला. त्या फेब्रुवारींत थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम यास फांशीं दिलें, पुढें मालेगांवीं अरबांचा मोड झाला, आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा एल्फिन्स्टनच्या हाताखालीं खानदेशचा पोलिटिकल एजंट झाला. मैदानांतील ठाणीं हातीं आलीं तरी डोंगर हातीं येईनात. ब्रिग्जनें पलटणीच्या तुकड्या घाटांत धाडिल्या, नायकांस पकडलें, कांहींस वर्षासनें बांधून दिलीं. सात वर्षें हा क्रम चालला. एक नायक शरण आला कीं दुसरा उठे.

असें कां झालें, याचें उत्तर ग्रंथकार देतात तें दोन शब्दांत: भिल्लांचा चपळपणा आणि डोंगराची दुर्गमता. परंतु त्याच पृष्ठांवर तिसरी गोष्ट ओघांत सांगितलेली असते. डोंगरांत गेलेल्या नियमित पलटणी तापानें आजारी पडत, शिपाई अंथरुणास खिळत आणि मोहीम आवरती घ्यावी लागे. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतां १८२५ मध्यें धोरण बदललें व तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या: वायव्येची कुकरमुंडें येथें कॅप्टन रिग्बीकडे, दक्षिणेची कन्नडच्या बाजूस मेजर ओव्हन्सकडे, आणि ईशान्येची धरणगांवीं लेफ्टनंट औट्रामकडे. औट्रामकडेच भिल्लांची पलटण उभारण्याचें काम आलें. आरंभीं हाताच्या बोटांवर मोजावेत इतके भिल्ल भरती झाले; पुढें ती कांहीं शेंची पलटण झाली व १८९१ मध्यें पोलिसांत विलीन होईतोंपर्यंत टिकली. इंग्रज चरित्रकारांनीं हा सारा पराक्रम औट्रामच्या धैर्यास व मनमोकळ्या स्वभावास लावला आहे. तो शूर होता यांत संशय नाहीं. परंतु जेथें परका शिपाई तापानें पडतो तेथें ताप सोसणारा शिपाई हवा, हा हिशेब त्या योजनेच्या मुळाशीं होता. पलटण भिल्लांचीच कां, या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर हिंवतापांत आहे.

त्या काळीं हिंवतापाचें कारण कोणास ठाऊक नव्हतें. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यांतून व दलदलींतून विषारी हवा निघते व तिनें ताप येतो, असें युरोपियन वैद्य मानीत. आपल्याकडील चरकसंहितेच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसनीय नांवाचा अध्याय आहे. निरनिराळ्या प्रकृतीचीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें कां मरतात, असा प्रश्न तेथें केला असून वायु, उदक, देश व काल हीं चार बिघडलीं म्हणजे असें होतें, असें उत्तर दिलें आहे. दूषित देशाच्या वर्णनांत तेथें मशकही आले आहेत. पण चरकास मलेरियाचें जंतुशास्त्र ठाऊक होतें अशी बढाई आमच्यांतील कांहीं मंडळी मारतात, ती मारूं नये. डांस ही खूण मानली गेली होती, कारण नव्हे. कारण उघड झालें तें २० ऑगस्ट १८९७ रोजीं, सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यास डांसाच्या पोटांत तापाचे जंतु दिसले तेव्हां. म्हणून १८९७ पूर्वींचे जे ग्रंथ पश्चिम खानदेशाची हवा वाईट असें लिहितात, त्यांतील निरीक्षण स्वीकारावें व मीमांसा सोडून द्यावी.

गॅझेटियरांत आरोग्याचें प्रकरण ग्रंथाच्या उत्तरार्धांत, शिक्षणानंतर व तालुक्यांच्या वर्णनापूर्वीं येतें. तें आंखूड आहे. दवाखाने, देवी काढण्याची व्यवस्था, जन्ममृत्यूंच्या नोंदी आणि गुरांचे रोग एवढ्यांत तें आटोपतें. इतिहासाच्या प्रकरणाशेजारीं ठेवलें असतां तें गरीब दिसतें, पण तोलून पाहतां त्याचें वजन कमी भरत नाहीं. नवापूर, तळोदें व अक्राणी या भागांची हवा परक्यांस घातक आणि भिल्ल-गावितांस मानवणारी, हें त्या काळच्या लिखाणांतील ठरीव विधान आहे. या विधानांतील 'मानवणारी' या शब्दावर मात्र थांबावयास हवें.

भिल्लास ताप बाधत नाहीं, असें जें अधिकारी लिहीत, त्यांनीं पाहिलेला भिल्ल कोणता? पलटणींत भरती झालेला, जंगलखात्याच्या वाटेवर भेटलेला, घाटांत चौकीवर उभा असलेला प्रौढ पुरुष. जो लहानपणीं तापानें गेला तो कोणत्याच साहेबाच्या दृष्टीस पडला नाहीं. वारंवार डांस चावून वारंवार ताप आला व त्यांतून जो वांचला, त्याच्या देहांत कांहीं प्रतिकार उत्पन्न होतो, ही गोष्ट आतां सर्वमान्य आहे. त्याची किंमत त्याच घरांतील मेलेल्या भावंडांनीं दिलेली असते. वांचलेल्यांकडे पाहून जातीची प्रकृति ठरविणें ही तर्कशास्त्रांतील जुनी चूक असून आमच्या ग्रंथकारांनीं ती शंभर वर्षें केली.

यापुढची गोष्ट रक्ताची आहे. १९५२ मध्यें लेहमन व कटबुश या शास्त्रज्ञांस निलगिरीच्या डोंगरी जमातींत विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी आढळल्या. हिंदुस्थानांत हा दोष प्रथम दिसला तो तेथें. १९५४ सालीं अॅलिसन यानें पूर्व आफ्रिकेंतील निरीक्षणांवरून दाखविलें कीं, हें बीज आईबापांपैकीं एकाकडूनच आलें असेल तर त्या मुलास मारक हिंवतापापासून बरेंचसें संरक्षण मिळतें. दोघांकडून आलें तर सिकलसेल रोग होतो, अंगांत कळा येतात, रक्त आटतें व आयुष्य तुटतें. महाराष्ट्रांतील जमातींची पाहणी डॉ. सुदाम काटे व लिंगोजवार यांनीं प्रसिद्ध केली आहे (२००२). भिल्ल, पावरा, माडिया, परधान व ओटकर या जमातींत वाहकांचें प्रमाण शेंकडा २० ते ३५ असल्याचें ती पाहणी सांगते.

या आंकड्याचा अर्थ शाळेंतील मुलांस शिकवावा त्या रीतीनें मांडून दाखवितों. पांचांत एक वाहक धरला, तर यदृच्छेनें होणाऱ्या पंचवीस विवाहांपैकीं एकांत वधूवर दोघेही वाहक असणार. अशा जोडप्याच्या चार मुलांत सरासरी एक मूल रोगी. म्हणजे एकंदर शंभर मुलांत एक. प्रमाण पांचांत एकाऐवजीं चारांत एक धरलें, तर चौसष्ट मुलांत एक. हा हिशेब आजच्या प्रमाणाचा असला तरी बीज कांहीं काल-परवां आलेलें नाहीं; ग्रॅहम १८४३ मध्यें लिहीत होता तेव्हांही पाड्यांतून हीं मुलें जन्मत होतीं आणि मरत होतीं. त्यांच्या मृत्यूपुढें नोंद झालीच असेल तर 'ताप' अशीच झाली असणार. म्हणजे ज्या बीजानें भावास डोंगरांत तगून राहण्याचें बळ दिलें, त्याच बीजानें बहिणीस मारलें. इतिहासकारानें पहिली गोष्ट काटकपणा म्हणून लिहून ठेविली व दुसरी लिहिलीच नाहीं. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारनें सिकलसेल-निर्मूलनाची राष्ट्रव्यापी योजना आरंभिली आहे. तिच्या तपासणीकागदांस शंभर वर्षांनीं ऐतिहासिक साधन म्हणून मोल येईल, हें आजच्या संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.

हिंवताप हा केवळ मारक होता असेंही नाहीं; एका अर्थानें तो राखणदारही होता. परक्या कुणब्यास, सावकारास व कारकुनास जोंपर्यंत तो भाग सोसत नव्हता तोंपर्यंत डोंगरांतील जमीन भिल्लाच्या हातीं राहिली. सखल भागांतील जंगल तुटत गेलें तसे तापी-कांठचे शेतकरी वर सरकले. १८७८ च्या जंगल कायद्यानें उरलेल्या रानावर सरकारी शिक्का बसला. १९५३ मध्यें देशव्यापी हिंवताप-नियंत्रण सुरू होऊन घरोघर औषध फवारलें गेलें, तेव्हां हजारों जीव वांचले. त्याबरोबर परक्याची भीतिही गेली. हें प्रस्तुत लेखकाचें अनुमान आहे. फेरफार-पत्रकें व खातेउतारे यांशीं तें ताडून पाहण्याजोगें आहे, आणि ताडून पाहिल्याशिवाय कोणीं उचलूं नये.

देवीच्या रोगाची कथा निराळी. गोस्तनदेवीची लस १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत प्रथम टोंचली गेली. ज्या मुलीस ती टोंचली, तिचें नांव अॅना डस्टहॉल, वय तीन वर्षें. तेथून खेडोपाडीं जी टोंचणाऱ्यांची फिरती सुरू झाली तिनें आमच्या भाषेंत 'देवी काढणें' हा वाक्प्रचार व 'देवी-डॉक्टर' हा जोडशब्द ठेवून दिला. रोगासच देवता मानणाऱ्या समाजांत देवी काढणारा मनुष्य गांवांत शिरला म्हणजे मुलें लपवीत. हा विरोध केवळ अज्ञानाचा होता असें जुने अहवाल सुचवितात. पण हातावर व्रण करून मुलास ताप आणणारा, सरकारी पट्टेवाल्यासह येणारा अनोळखी मनुष्य पाहून कोणत्या आईनें मूल पुढें केलें असतें? १९७५ मध्यें देशांतून हा रोग गेला व १९८० मध्यें जगांतून गेल्याचें जाहीर झालें. पायऱ्यांच्या विहिरींतून येणारा नारूही असाच गेला. त्याचा देशांतील अखेरचा रोगी १९९६ मधला. या दोहोंच्या जाण्याचा इतिहास खानदेशापुरता अजून कोणीं लिहिलेला पाहण्यांत नाहीं.

येथें दूरदेशींच्या एका उदाहरणाचा उपयोग होतो. उत्तर अमेरिकेंतील चेरोकी नांवाच्या मूलनिवासी राष्ट्राचा इतिहास वाचतांना खानदेश पदोपदीं आठवतो, आणि त्याच वेळीं दोहोंतील अंतरही डोळ्यांपुढून हलत नाहीं. १७३८ सालीं त्या लोकांत देवीची सांथ आली व वर्षभरांत जवळजवळ अर्धे लोक गेले, असें अडेर नांवाच्या व्यापाऱ्यानें आपल्या १७७५ च्या ग्रंथांत लिहिलें आहे; विद्रूप झालेल्या योद्ध्यांनीं आत्महत्या केल्याचेंही तो सांगतो. पुढें १८३० मध्यें अमेरिकन सरकारनें मूलनिवाशांस मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा केला आणि १८३८-३९ त सुमारें सोळा हजार चेरोकींस हद्दपार केलें. छावण्यांत व वाटेंत हगवण, गोंवर, ताप यांनीं चार हजार मेले, हा अंदाज बटलर नांवाच्या मिशनरी वैद्याचा. रसेल थॉर्नटन या चेरोकी समाजांतीलच विद्वानानें १९९० च्या आपल्या ग्रंथांत, न झालेले जन्मही हिशेबांत धरून, लोकसंख्येची हानि दहा हजारांच्या घरांत नेली आहे. धरणगांवीं औट्राम भिल्लांस बंदुका देऊन कवायत शिकवीत होता त्याच दशकांत तिकडे हद्दपारीचा घाट घातला जात होता. एकानें डोंगरांतल्या माणसास शिपाई केलें, दुसऱ्यानें त्यास उठवून लाविलें. खानदेशांत हद्दपारी झाली नाहीं म्हणून आपण पाठ थोपटून घ्यावी असें मात्र नाहीं. रान तोडून व कायद्यानें बंद करून तेंच काम येथें सावकाश झालें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या उदाहरणांत खरें घेण्याजोगें आहे तें पुढेंच. सिक्वोया नांवाच्या चेरोकी कारागिरानें १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठीं अक्षरमाला सिद्ध केली. १८२८ मध्यें त्या लिपींत वर्तमानपत्र निघालें. आणि विशेष हें कीं, त्यांच्या वैद्यांनीं आपले मंत्र, निदानें व वनस्पतींचे प्रयोग त्याच लिपींत वह्यांतून उतरून ठेविले. जेम्स मूनी हा संशोधक १८८७ पासून डोंगरांत राहून अशा वह्या मिळवूं लागला. त्यांतील मंत्रांचें पुस्तक १८९१ त, कथांचें १९०० त, आणि ज्याच्या नांवाचा अर्थ पोहणारा असा आहे त्या वैद्याची संपूर्ण वही ओल्ब्रेख्ट्स याच्या संस्करणासह १९३२ त छापली गेली. पुढें चेरोकी वंशांतलाच एमेट स्टार हा वैद्यकीचा धंदा सोडून इतिहासाकडे वळला व त्यानें १९२१ मध्यें आपल्या लोकांचा इतिहास वंशावळींसह प्रसिद्ध केला. रोगी तपासण्याची संवय असलेल्या मनुष्यानें वंशावळी जमविल्या, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे भिल्ल वैद्याची वही नाहीं. ज्ञान होतें व आहे. चरकसंहितेच्या आरंभींच सांगितलें आहे कीं वनस्पतींचीं नांवें व रूपें रानांतील मेंढपाळ, गवळी व वनवासी लोकांस ठाऊक असतात. म्हणजे ज्या शास्त्राचा आम्हीं अभिमान धरतों, त्यानें आपलें ऋण स्वतःच मान्य केलें आहे. परंतु ज्यांचें ऋण, त्यांचीं नांवें आम्हीं लिहून ठेविलीं नाहींत. देहवाली, पावरी वगैरे बोलींत जें तोंडीं चालत आलें तें लिहिणारा मूनी येथें आला नाहीं. ग्रीअर्सनच्या पाहणींत बोलीचे नमुने आहेत, औषधींचें ज्ञान नाहीं.

आरोग्याचा प्रयत्न या समाजांतून उठलाच नाहीं, असाही समज नको. १९३७-३८ च्या सुमारास तळोदें भागांत गुला महाराज यांच्या आरतीस हजारों भिल्ल जमूं लागले. दारू सोडावी, नित्य स्नान करावें, स्वच्छ राहावें, हा त्यांचा उपदेश. १९३८ मध्यें त्यांचें निधन झालें व त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं पुढें काम चालविलें. औट्रामनें आपणच लिहून ठेविलें आहे कीं नायकांचीं मनें आपण ब्रँडी पाजून जिंकलीं. शंभर वर्षांनीं त्याच डोंगरांच्या पायथ्याशीं दारू सोडण्यासाठीं माणसें गोळा झालीं, याची नोंद पलटणीच्या इतिहासाशेजारींच व्हावयास हवी.

मग लिखित साधन उरतें कोणतें? माझ्या मतें एकच, आणि तें आपल्या नाकासमोर आहे: गांवचें जन्ममृत्यूचें रजिस्टर, ज्यास लोक कोतवाल-बुक म्हणतात व महसुली भाषेंत गांव-नमुना चौदा म्हणतात. जन्मलेल्याचा बाप, मेलेल्याची जात, वय, तारीख व मृत्यूचें कारण अशा नोंदी त्यांत आहेत. जुनीं पानें बहुतेक मोडींत. आज त्यांस तहसील कचेरींत शोधीत जाणारा मनुष्य जातीच्या दाखल्याच्या पुराव्यासाठीं जातो. त्याची नजर जातीच्या रकान्यावर असते, आणि त्याची निकड खरी असल्यानें त्यास दोष देतां येत नाहीं. पण शेजारच्या कारणाच्या रकान्याकडे कोणीच पाहत नाहीं. हाताळून हाताळून पानांच्या कडा झडत आहेत, आणि कडेलाच बहुधा कारणाचा रकाना असतो. आम्ही संग्राहक मंडळी शिक्क्याच्या एका सनदेस मोल देतों. असल्या रजिस्टराचा गठ्ठा रद्दींत निघाला तर त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं.

हीं पानें वाचण्याची रीत ठरविली पाहिजे. कारण लिहिणारा पाटील किंवा कोतवाल वैद्य नव्हता. पटकी व देवी हे रोग तो ओळखी. सर्पदंश व बाळंतपण ओळखी. बाकी सारें 'ताप'. सरकारी अहवालांतील ज्वराचा प्रचंड आंकडा अशा रीतीनें भरलेला आहे. तथापि महिना खोटें बोलत नाहीं. हिंवतापाचे मृत्यु पाऊस सरल्यावर, आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत वाढतात. देवी ही वसंतांतली. पटकी उन्हाळ्याच्या अखेरीस व पहिल्या पावसांत. म्हणून ज्या गांवीं 'ताप' याखालील मृत्यु कार्तिकाच्या आगेमागें दाटलेले आणि त्यांतही पांच वर्षांआंतील मुलें अधिक, तेथें हिंवतापाचा हात धरावा. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांच्या वर्षीं हा क्रम मोडतो, कारण उपाशी माणसाचा मृत्युही तापाखालींच लिहिला जाई; तीं वर्षें वेगळीं काढावीं. भुसावळ-जळगांव या लोहमार्गावरील गांवांत १८९६ नंतर प्लेगाच्या नोंदी सांपडतील, अक्राणीसारख्या आडबाजूस त्या मानानें कमी. हा फरकही तपासून पाहण्यासारखा आहे. चोपडें, यावल व रावेर या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याचीं गांवें आणि नवापूर-तळोद्याकडचीं गांवें अशीं चार-सहा गांवें दोन्हीकडून घेऊन पन्नास वर्षांचीं पानें उतरलीं, तर भिल्लास ताप बाधत नाहीं या विधानाचा निकाल लागेल. नकला करतांना आजच्या घरांचीं नांवें मात्र छापूं नयेत. रोगाचा कलंक नातवंडांस लागूं देणें संशोधकास शोभत नाहीं.

शोध करणारांसाठीं कचेऱ्यांविषयीं एक सूचना. १९०६ मध्यें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव व धुळें. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला, तेव्हां अक्राणी, अक्कलकुवें, तळोदें, नवापूर यांचें दप्तर कोणत्या कचेरींत आहे हें आधीं विचारून घ्यावें. १८२५ च्या वायव्य एजन्सीचें ठाणें कुकरमुंडें व आसपासचीं कांहीं गांवें १९६० मध्यें राज्यांची फेररचना झाली तेव्हां गुजरातेंत गेलीं. त्या गांवांचीं रजिस्टरें धुळ्यास न मिळाल्यास तीं नष्ट झालीं असें समजूं नये, तापीच्या पलीकडच्या कचेऱ्यांत चौकशी करावी. १९६० पूर्वींचीं पानें मराठींत, आणि बरींच मोडींत असण्याचा संभव अधिक. तीं वाचणारा मनुष्य तेथें आतां मिळणें कठीण, म्हणून जातांना मोडी वाचणारा बरोबर न्यावा.